तन्वीचा डावा डोळा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. नीतापाशीसुद्धा नाही. बावीस वर्षांचा संसार झाला, माझ्या बीपीच्या गोळ्यांपासून ऑफिसातल्या भांडणांपर्यंत सगळं माझ्या बायकोला पाठ आहे, पण हे नाही. ताईला तर नाहीच नाही. आणि जिला खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला... थांबा. असं एकदम नाही जमणार. फिरून फिरून येतो. तुम्ही फक्त ऐका.

मी वाईट माणूस नाही असं सगळे म्हणतात. इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये नवीन मराठी पोरगं आलं, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी अडली, घर मिळेना, की पहिला फोन मला. गणपतीत आरतीचं ताम्हण माझ्या हातात. आणि तरी हे मी केलं. रागाच्या भरात नाही हो, शांत डोक्याने, हसत हसत, दिवसाढवळ्या. आता सांगा, वाईट माणूस आणखी कसा असतो? त्याला शिंगं फुटलेली असतात का?

तर मी शिकार करतो. दचकू नका. इथे ते चोरून करायचं काम नाही. कोर्स असतो, लेखी-तोंडी परीक्षा असते, नेमबाजीची परीक्षा असते, मग याग्डशाइन म्हणजे शिकारीचा परवाना मिळतो. गाडीच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या नादाने मी तो काढला. आणि मग मला हाइनर भेटला. सत्तरीचा शेतकरी, शहरापासून अर्ध्या तासावरच्या गावातला. गावची शेतं आणि बीचच्या झाडांचं रान मिळून शिकारीचा सगळा भाग त्याने भाडेपट्ट्याने घेतलेला. त्याला इथे रेव्हिअर म्हणतात. हाइनरचे दोन्ही मुलगे दूर शहरात, दोघांनाही रानात रस नाही. मग मी नऊ वर्षं त्याच्यामागे फिरलो. त्याच्या मचाणांच्या शिड्या ठोकल्या, हरणांसाठी मिठाचे खडे वाहिले, थंडीत दात वाजवत फांद्या छाटल्या. ओढ्याकाठी एक मचाण होतं, सगळ्यात चांगलं, ते फक्त त्याचं. एकदा बिअर पिता पिता म्हणाला, माझ्यानंतर ते तुझं. मी ते वाक्य घरी घेऊन आलो आणि नीताला तीनदा सांगितलं.

हसू येतंय ना? पन्नाशीला आलेला इंजिनीअर आणि लाकडाच्या मचाणाचा हव्यास! पण परक्या मुलखात वीस वर्षं काढल्यावर कुणी म्हणावं की ही जागा तुझी, याची भूक काय असते ते ज्याचं त्यालाच कळतं. ही सबब नाही बरं का. भूक होती एवढंच सांगतोय.

आणि मग तन्वी आली.

तन्वी माझ्या ताईची मुलगी. सांगलीहून इथल्या युनिव्हर्सिटीत मास्टर्सला आली, बावीस वर्षांची, आमच्याकडेच वरच्या खोलीत राहिली. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मला अंघोळ घालण्यापासून दहावीचं गणित शिकवण्यापर्यंत सगळं तिने केलं. विमानतळावर सोडताना फोनवर म्हणाली, 'तुझ्या भरवशावर पाठवतेय.' मी म्हणालो, 'ताई, काळजीच करू नकोस.'

या तन्वीचं उष्टावण मी केलं होतं. मामाचाच मान तो. मी खिरीचा चांदीचा चमचा पुढे केला आणि त्या सहा महिन्यांच्या ढब्बीने तो डाव्या हाताने माझ्याकडून हिसकावला. सगळे हसले. तिच्या आजीने मात्र चमचा काढून घेऊन उजव्या हातात दिला. तिने पुन्हा डाव्यात घेतला. पुन्हा उजव्यात. ते पुढे चार-पाच वर्षं चाललं. जेवताना डाव्या हातावर चापट, पाटीवर लिहिताना चापट, प्रसाद घेताना तर डोळेच वटारायचे. ताईला ते पटत नव्हतं, पण सासूबाईंपुढे तिचं काय चालणार? शेवटी पोर उजव्या हाताने जेवायला, लिहायला लागली. मात्र चेंडू फेकायची वेळ आली, दार उघडायची वेळ आली, पडता पडता कशाला धरायची वेळ आली, की पुढे यायचा तो डावा हात. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

आल्यावर तिसऱ्या रविवारी मी तिला हौसेने रानात नेलं. माझाच मूर्खपणा! हाइनरला दाखवायचं होतं, बघ माझी भाची. तन्वीला तेव्हा जर्मन जेमतेम येत होतं, पण पोरगी मचाणावर दोन तास बसली आणि हलली नाही. खाली उतरल्यावर तिने हाइनरला विचारलं की कुंपणाजवळची ती हरणी मागच्या डाव्या पायाने लंगडते का. हाइनर माझ्याकडे बघायला लागला. ती हरणी मी महिनाभर बघत होतो आणि मला लंगडणं दिसलं नव्हतं.

झालं! त्यानंतर म्हातारा तिच्यावर खूश. 'नेम काय, कुणालाही शिकवता येतो,' म्हणायचा, 'हे शिकवता येत नाही.' हे मला म्हणायचा, माझ्या तोंडावर. तिला पायांचे ठसे दाखवायचा, तिच्यासाठी थर्मासमध्ये वेगळा चहा आणायचा. माझ्यासाठी नऊ वर्षांत कधी चहा आणला नव्हता. तिने कोर्स लावला तर जुनी पुस्तकं दिली. आणि एक दिवस शिडीची पायरी बदलताना सहज म्हणाला, तन्वीचा परवाना आला की तिचं पहिलं हरीण ओढ्याच्या मचाणावरूनच. मी खिळा ठोकत होतो. ठोकत राहिलो.

पोटात दुखलं. दुसरा शब्द नाही त्याला. बहिणीच्या पोरीवर, जिला मी खीर भरवली तिच्यावर, मी जळलो.

परीक्षा ती पास झाली. तोंडी परीक्षेत सगळ्यांच्या पुढे, नेमबाजीत मात्र काठावर. वीस जणांच्या कोर्समध्ये शिक्षकाने विचारलं होतं, उजव्या की डावखुऱ्या? ही म्हणाली, उजवी. घरी येऊन मला म्हणाली, 'मामा, बंदूक धरली की हात दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात रे. आपण माझ्यासाठी नीट बघून घेऊया हं. मला काही कळत नाही त्यातलं, तू सांगशील तीच घेणार.'

तू सांगशील तीच. ऐकलंत ना?

आता नवशिक्याची पहिली रायफल कशी निवडावी, यावर मी तासभर बोलू शकतो. इथल्या मराठी मंडळातल्या दोघांना मी ती निवडून दिलीय, दोघं अजून दुवा देतात. आधी नेमाचा डोळा कोणता ते बघायचं, कारण बंदूक त्याच बाजूच्या खांद्याला लागते. मग खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्याची लांबी, माणसाच्या हाताला बेतून. मग काडतूस असं, की खांद्याला दणका कमी बसेल. दणक्याची भीती एकदा मनात बसली की चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो, नळी खाली झुकते, आणि मग ती खोड सुटता सुटत नाही. हे सगळं मला तोंडपाठ. म्हणजे काय केलं की माणूस बिघडतो, हेही तोंडपाठच की.

नेमाचा डोळा तपासायची एक सोपी रीत आहे. हात लांब करायचे, दोन्ही पंजे जुळवून मध्ये छोटी खिडकी करायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरच्याच्या नाकाकडे बघायचं. बघणाऱ्याला स्वतःला काहीच कळत नाही. समोरच्याला मात्र खिडकीतून एकच डोळा दिसतो. तोच नेमाचा.

आमच्या स्वयंपाकघरात, शनिवारी सकाळी, नीता पोहे करत होती. तन्वी माझ्यासमोर उभी राहिली. हात लांब केले. खिडकी केली. मला म्हणाली, 'हलू नको ना, मामा.' आणि त्या खिडकीतून तिचा डावा डोळा माझ्याकडे बघत होता. स्वच्छ. अख्खाच्या अख्खा डावा डोळा.

मी म्हणालो, 'उजवा.'

बस्. एवढंच. एक शब्द. तुम्हाला वाटलं असेल, काहीतरी मोठं पाप असेल. ती म्हणाली, 'नक्की?' मी म्हणालो, 'गेनाऊ! अगदी नक्की. हवं तर परत कर.' तिने परत केली. परत डावाच. मी परत म्हणालो, 'उजवा,' आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

त्याच दुपारी दुकानात गेलो. दुकानदार जुना जाणता माणूस. त्याने हातात दिलेली पहिली रायफल तन्वीने उचलली ती सरळ डाव्या खांद्याला लावली. त्याने लगेच विचारलं, डावखुऱ्यांची मागवू का, तीन आठवडे लागतील. मी हसून म्हणालो, नाही नाही, नवीन आहे, गोंधळते, आम्ही तपासलंय. मग त्याने हलक्या काडतुसाची, थोडी वजनदार, दणका शोषून घेणारी एक रायफल काढली. खरोखर छान होती. कुणालाही मी तीच दिली असती. आणि मी काय निवडलं? कोपऱ्यातली जुनी आखूड नळीची, वजनाला हलकी आणि काडतूस मात्र भलंथोरलं. वजन कमी आणि दारू जास्त, म्हणजे सगळा दणका खांद्यावर. वर दस्ता तिच्या हाताला चांगला तीन बोटं लांब. तन्वीला सांगितलं, आपल्याकडे रानडुकरं आहेत, बारकं काडतूस काय कामाचं? आणि बघ किती हलकी, तुला वाहायला बरी. दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला, अहो, पहिल्या बंदुकीला ही? पोरीला भीती बसेल. मी म्हणालो, आमच्याकडच्या मुली काटक असतात. तन्वी त्या बंदुकीवरून हात फिरवत होती. मला थँक्यू म्हणाली. घरी येऊन ताईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, मामाने निवडली. ताई आधी बंदूक बघून किंचाळली आणि मग म्हणाली, 'मामा आहे ना बरोबर, मग ठीक आहे.'

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, दुसरं काय?

सरावाला मीच नेलं. पाचव्या गोळीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठव्या गोळीला बंदुकीवरच्या दुर्बिणीची कड भुवईवर बसली, रक्त आलं. मी हातरुमाल दिला आणि म्हणालो, सगळ्यांचं होतं पहिल्यांदा. खोटं! सगळ्यांचं नाही होत. घरी नीताने तिच्या खांद्याला बर्फ लावला, तिथे वांग्याच्या रंगाचा डाग उठला होता. आणि मला... मला बरं वाटलं हो. गुदगुल्या झाल्यासारखं बरं वाटलं. हे सांगताना लाज वाटतेय असं म्हणू का? तेव्हा वाटली नव्हती.

तिसऱ्या सरावाला मी एक गंमत केली. तिला न सांगता रिकामं काडतूस भरलं. तिने चाप ओढला. आवाज नाही, दणका नाही, आणि तरी नळी झटकन खाली झुकली, डोळे घट्ट मिटले. शिक्षक लोक असंच तपासतात, भीती बसलीय का. बसली होती. आता बंदूक बदलून दिली असती, हलकी, डाव्या खांद्याची, तर महिन्याभरात गेली असती ती भीती. मी म्हणालो, 'छान चाललंय. मे महिन्यात हरणाला तयार.'

मे महिन्यातली पहाट. मोहरीसारखी पिवळीजर्द शेतं, बीचला कोवळी पानं. ओढ्याचं ते मचाण, ज्याच्यासाठी मी नऊ वर्षं घासली, त्यावर मी पहिल्यांदा चढलो तो तिचा सोबती म्हणून. हाइनर मागे गाडीपाशी थांबलेला. साडेपाचला नर आला, आपल्या भेकराएवढं हरीण, साठ पावलांवर आडवं उभं राहिलं. याहून सोपं काही नसतं. तन्वीने श्वास सोडला, रायफल उचलली आणि काही विचार न करता डाव्या खांद्याला लावली. गाल दस्त्यावर टेकला. अंग सैल झालं. इतके दिवस ती बंदूक धरून अशी दिसलीच नव्हती. तशी गोळी सुटली असती तर हरीण जागच्या जागी पडलं असतं, मी पैजेवर सांगतो.

मी हात पुढे केला आणि दस्ता हळूच तिच्या उजव्या खांद्यावर नेला. मायेने. चमचा नेतात तसा.

तिने चाप ओढला. डोळे मिटलेले मी पाहिले. नळी झुकलेली पाहिली. हरणाचा पुढचा पाय गुडघ्याच्या वर तुटला. ते तीन पायांवर उभं राहिलं, कितीतरी वेळ, खाली मान घालून स्वतःच्या पायाकडे बघत. माझी रायफल माझ्या मांडीवर भरलेली होती. अशा वेळी सोबत्याने दुसरी गोळी घालून जनावराला सोडवायचं, म्हणून तर तो बसतो तिथे. मला जमलं असतं. मी घातली नाही. हे मी मनातल्या मनातसुद्धा आज पहिल्यांदा बोलतोय. मला ते हरीण पळायला हवं होतं.

ते पळालं.

माग काढणारी कुत्री घेऊन शेजारच्या गावचा माणूस आला. तन्वी म्हणाली, मी येणार. हाइनर नको म्हणत होता, मी म्हटलं येऊ दे, शिकेल. सहा तास गेले. दुपारी काटेरी झुडपांत कुत्रीने त्याला गाठलं तेव्हा ते जिवंत होतं. हे हरीण ओरडतं, तुम्हाला माहीत आहे? लहान मूल ओरडावं तसं. तन्वीने कान झाकले नाहीत. उभी राहून ऐकत होती, पांढरीफटक. मग त्या माणसाने ते संपवलं.

इथे रीत आहे. पडलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी द्यायची आणि दुसरी डहाळी शिकाऱ्याला द्यायची, अभिनंदन म्हणून. हाइनरने हरणाच्या तोंडात डहाळी ठेवली. दुसरी तोडून तिच्यासमोर धरली. चांगला होता हो म्हातारा. ती मागे सरकली. डहाळी तशीच त्याच्या हातात राहिली.

परत येताना गाडीत ती बाहीत रुतलेले काटे काढत होती. मग म्हणाली, 'मामा, तू बघत होतास ना? मी डोळे मिटले का?'

'हो गं,' मी म्हणालो.

'बंदुकीचं काही... म्हणजे ती मला जड जाते असं काही?'

'बंदूक उत्तम आहे. सगळ्यांनाच जमतं असं नाही, बाळा.'

ती स्वतःचे दोन्ही पंजे मांडीवर उताणे ठेवून बघत बसली. 'माझे हातच असे,' म्हणाली, 'ना धड डावे, ना धड उजवे. आजी म्हणायची ते बरोबरच होतं.' नंतर रडली. मी गाडी बाजूला घेऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. रस्ता मोकळा होता, घाई नव्हती.

त्यानंतर तिने बंदुकीला हात लावला नाही. रानातही आली नाही. हाइनर वर्षभर विचारत राहिला, ती का येत नाही, मी तिला दुसरी रायफल देतो, तिच्यासारखी नजर मी पाहिली नाही. मी सांगायचो, अभ्यास फार आहे. तिला सांगायचो, हाइनर काही बोलत नाही गं, पण मनातून दुखावलाय बहुतेक. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त! तो गेला तेव्हा अंत्ययात्रेला तिला यायचं होतं. मी म्हटलं, कशाला उगाच.

आता रेव्हिअर माझ्या नावावर आहे. ओढ्याचं मचाण माझं. तुम्हाला वाटत असेल, मला तिथे बसवत नसेल, ते हरीण डोळ्यांपुढे येत असेल. छे! मस्त बसवतं. मागच्या वर्षी तिथून चार पाडली. तिची ती बंदूक माझ्याच कपाटात आहे, मी तिला तेल देतो.

तन्वी आता फ्रँकफर्टला असते. चांगली नोकरी, नवरा सालस, मुलगी दोन वर्षांची, इरा. या दिवाळीत आम्ही दोघं गेलो होतो. इराला उंच खुर्चीत बसवून पुढ्यात वरणभात ठेवला. तिने चमचा डाव्या हातात उचलला. तन्वीने तो काढून उजव्यात दिला. इराने परत डाव्यात घेतला. तन्वीने परत उजव्यात दिला. न चिडता, न बोलता, रोजची सवय असल्यासारखं.

तिचा नवरा मला म्हणाला, 'मामा, तुम्ही तरी सांगा हिला. किटामधल्या, पाळणाघरातल्या बाईसुद्धा म्हणतात, तिला ज्या हाताने खायचं त्या हाताने खाऊ दे.'

'त्यांना काय माहीत?' तन्वी म्हणाली. 'अर्धवट राहिलं की काय होतं ते मी बघितलंय. माझं तेच झालं. नेमाच्या वेळेला हात दगा देतात. हिचं तसं नको व्हायला. मामाला माहीत आहे सगळं, विचार त्याला.'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तन्वीही बघत होती, अगदी सरळ, त्या खिडकीतून बघितलं होतं तशी, विश्वासाने.

मी म्हणालो, 'बरोबर आहे तिचं.'

इराने उजव्या हाताने चमचा तोंडाकडे नेला, भात गालावर सांडला आणि ती रडायला लागली. तन्वीने तिचा गाल पुसला, चमचा पुन्हा उजव्या हातात दिला आणि मला विचारलं, 'मामा, अजून वरण वाढू?' मी वाटी पुढे केली.